अंगठा गेला, हे कोणी आणि कधी ठरवायचे?

राधानगरी तालुक्यात हाताला मोठी इजा कशाकशाने होते, हे कोणालाही बोटांवर मोजून सांगता येईल. गुळाच्या हंगामात गुऱ्हाळाचा चरक, बारा महिने कडबा कुट्टीचे यंत्र, सुगीला भाताचे मळणी यंत्र, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना हूक आणि पिनेच्या मध्ये सापडणारे बोट. त्यात एक जुने कारणही टिकून आहे. दाव्याचा वेढा अंगठ्यावर पडलेला असतो, जनावर अचानक उधळते, आणि अंगठा मुळापासून ओढला जातो. भोगावतीच्या खोऱ्यातला ऊस, भात आणि दूध हे सगळे हाताने उभे राहते. इथलीच पोरे पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत किंवा पॉवर प्रेसवर उभी राहतात. इजेनंतर काय होते, तेही जवळजवळ ठरलेले आहे. हाताला फडके गुंडाळून माणसाला जवळच्या दवाखान्यात नेतात. तुटलेला भाग यंत्राखाली पडून राहतो, किंवा कोणीतरी तो कागदात बांधून मागाहून आणतो. डॉक्टर जखम धुतात, कातडी ओढून बसत नाही म्हणून हाड थोडे छाटतात, टाके घालतात. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात आणि अंगठा गेला हे घरादाराने, गावाने, त्या माणसानेही मान्य केलेले असते. या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे की अंगठा गेला हा निकाल पहिल्या रात्री देण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

हे म्हणणे भावनेच्या भरात केलेले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणारी शस्त्रक्रिया, म्हणजे मायक्रोसर्जरी, आली आणि अंगठ्यासाठी एकापेक्षा अधिक वाटा खुल्या झाल्या. तुटलेला अंगठा परत जोडता येतो. तो जोडण्याजोगा नसेल तर उरलेल्या हाडावर दुसरीकडची जिवंत कातडी बसवून लांबी राखता येते. तेही पुरेसे नसेल तर काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, पायाचे बोट हातावर आणता येते. यातली कोणती वाट त्या माणसासाठी योग्य, हे ठरवायला वेळ, तज्ज्ञ आणि खुद्द त्या माणसाशी बोलणे लागते. पहिल्या रात्री यातले काहीच हाताशी नसते. म्हणून पहिल्या रात्रीचे काम निवडीचे नाही, सगळ्या वाटा शाबूत ठेवण्याचे आहे. जीव वाचवणे, रक्त थांबवणे आणि जे उरले आहे ते राखणे, इतकेच.

अंगठ्यालाच एवढे महत्त्व का, हे समजायला पहाटे गोठ्यात बसलेल्या बाईचा हात पाहावा. म्हशीचा सड अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात धरला जातो, वरून बंद होतो, आणि मग बाकीची बोटे एकामागून एक मिटत दूध खाली उतरवतात. अंगठा नसेल तर सड वरून बंदच होत नाही. चार बोटे कितीही ताकदवान असली तरी दूध परत वर चढते. खुरपे, विळा, कासरा, स्प्रिंकलरचा नोजल, शर्टाचे बटण, सगळीकडे हाच हिशेब. बोटे एका बाजूने दाबतात, अंगठा समोरून त्यांना उत्तर देतो. हाताच्या एकूण कामापैकी चाळीस ते पन्नास टक्के काम हस्तशल्यविशारद एकट्या अंगठ्याच्या खात्यावर लावतात. कायद्यालाही हे फार पूर्वी कळले होते. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात करंगळी किंवा अनामिका पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेतली घट ७ टक्के धरली होती, मधल्या बोटासाठी १२, तर्जनीसाठी १४ आणि अंगठ्यासाठी ३०. त्याच परिशिष्टात आणखी बारकावा होता. अंगठ्याचे फक्त टोकाचे पेर गेले तर २० टक्के आणि अंगठा तळहातातल्या त्याच्या हाडासकट गेला तर ४०. म्हणजे एकच अंगठा, पण तो कुठे तुटला यावर किंमत दुप्पट होते. किती गेले यापेक्षा किती उरले हा प्रश्न मोलाचा आहे, हे त्या कोष्टकात केव्हाच लिहून ठेवले होते.

मायक्रोसर्जरीची ही विद्या शहरातल्या सुखवस्तू लोकांसाठी निघाली आणि खेड्याकडे उशिरा झिरपली, असा एक समज असतो. इतिहास वेगळे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या कार्ल निकोलाडोनी यांनी अंगठा गमावलेल्या मुलाचा हात त्याच्याच पायाला काही आठवडे जखडून ठेवला आणि पायाचे बोट हातावर रुजवले. कल्पना बरोबर होती, पण बारीक रक्तवाहिनी जोडायचे तंत्र नव्हते. ते १९६० साली अमेरिकेत जेकबसन आणि सुआरेझ यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरून दाखवले. १९६३ साली शांघायमध्ये चेन झोंगवेई यांनी एका कारखाना कामगाराचा तुटलेला हात जोडला. १९६५ साली जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडण्यात यश मिळवले. १९६६ साली शांघायमध्येच यांग दोंगयुए यांनी पायाचे दुसरे बोट हातावर आणले आणि १९६८ साली इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट यांनी पायाच्या अंगठ्याचा हाताचा अंगठा केला. मुंबईही या वाटेवर मागे नव्हती. नोशीर अंतिया आणि बुच यांनी पोटावरचा त्वचा-चरबीचा तुकडा रक्तवाहिन्या जोडून दुसऱ्या जागी जगवल्याचा निबंध १९७१ साली ब्रिटिश नियतकालिकात छापून आणला. अशा तऱ्हेच्या शस्त्रक्रियांचा आरंभ जगभरची पाठ्यपुस्तके बहुधा १९७३पासून मोजतात. यंत्रावर हात गमावणाऱ्या माणसांमुळे हे शास्त्र वाढले. चरकापाशी उभ्या असलेल्या माणसाचा त्यावरचा हक्क पहिल्यापासूनचा आहे.

या शस्त्रक्रियेत नेमके घडते काय? अंगठ्याची धमनी साधारण एक मिलिमीटर जाडीची असते, शिरा तेवढ्याच किंवा त्याहून बारीक आणि कागदासारख्या पातळ. आधी हाड किंचित आखूड करून तारेने पक्के करतात, म्हणजे पुढे जोडायच्या गोष्टींवर ताण येत नाही. मग मागचा आणि पुढचा स्नायुबंध, मग धमनी, नसा, शिरा आणि शेवटी कातडी. धमनीचे टाके माणसाच्या केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने घातले जातात. एका जोडाला सहा-आठ टाके, आणि त्यातला एक जरी समोरच्या भिंतीत अडकला तरी रक्त गोठून जोड बंद पडतो. धमनीवरचा चिमटा सुटल्यावर पांढराफटक अंगठा गुलाबी होऊ लागतो, पण तिथे काम संपत नाही. पुढचे काही दिवस खोली उबदार ठेवून दर तासाला रंग, ऊब आणि दाबल्यावर रक्त परत भरण्याचा वेग पाहतात. अंगठा निळसर झाला तर रक्त येते आहे पण परत जात नाही, असा अर्थ. अशा वेळी आजही जगभर जळवा लावतात. तंबाखू, मशेरी, विडी पूर्ण बंद, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. खोलीत दुसऱ्याने ओढलेली विडीही चालत नाही. आपल्याकडे शस्त्रक्रिया जमूनही अंगठा हातचा जाण्याचा धोका या शेवटच्या कलमात मोठा आहे, म्हणून भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही हे आधीच सांगून ठेवावे.

पहिला आक्षेप अंतराचा. राधानगरीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, दाजीपूरच्या बाजूची गावे त्याहून आत, पावसाळ्यात ओढे भरलेले, आणि मायक्रोसर्जरी करणारा सर्जन मिळायला कदाचित पुण्यापर्यंत जावे लागेल. तोवर अंगठा जगेल कसा? हा आक्षेप खांद्यापासून किंवा कोपरापासून तुटलेल्या हाताला लागू पडतो. तिथे स्नायू असतात आणि रक्ताविना ते पाच-सहा तासांत खराब होऊ लागतात. बोटांत आणि अंगठ्यात स्नायूंचा मांसल भाग नसतोच, ते स्नायू तळहातात आणि मनगटाच्या वर असतात. त्यामुळे तुटलेला अंगठा थंड न करताही दहा-बारा तास तग धरू शकतो आणि नीट थंड ठेवला तर चोवीस तासांपर्यंतही जोडता येतो. चोवीस तासांत राधानगरीचा माणूस पुण्याला पोहोचतो, मुंबईलाही पोहोचतो. अडचण रस्त्याची कमी आणि अंगठा कसा नेला याची जास्त असते. तो स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ती पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. अंगठा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात, नुसत्या पाण्यात टाकला तर फुगून रक्तवाहिन्या निकामी होतात. हळद, चहापूड, तंबाखू यातले काहीही ना जखमेवर, ना तुटलेल्या भागावर. रक्त थांबवायला स्वच्छ कापडाने दाब देऊन हात वर धरायचा. दंडाला दोरी आवळून तासन्‌तास ठेवायची नाही. बर्फ रसवंतीत मिळतो, किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये मिळतो. जे साहित्य लागते ते प्रत्येक गावात आहे, फक्त ते कसे वापरायचे हे गावात कोणी सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कोयत्याने किंवा करवतीने सरळ कापलेला अंगठा जोडता येतो, हे मान्य. पण चरकात पिळून निघालेल्या किंवा दाव्याने उपटलेल्या अंगठ्याचे काय? ओढून तुटलेल्या अंगठ्यात रक्तवाहिन्या आतून लांबवर फाटलेल्या असतात. शीर दुसरीकडून काढून मध्ये जोडावी लागते, तरीही यशाची खात्री कमी. चिरडलेला अंगठा तर पुष्कळदा जोडण्यासारखा राहतच नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण जोडता येत नाही म्हणजे छाटावा, असे त्यातून निघत नाही. तळहातातले अंगठ्याचे हाड, मनगटापाशी असलेला त्याचा सांधा, त्याला फिरवणारे तळव्याचे मांसल स्नायू आणि अंगठा व तर्जनी यांमधली मोकळी बेचकी, या चार गोष्टी टिकल्या तर उद्याचा अंगठा उभारायला पाया मिळतो. ऊसवाल्याला हे वेगळे समजावायला नको: बुडखा चेचला, फाटला तर खोडवा धड येत नाही, मग खत कितीही घाला. कातडी पुरत नाही म्हणून हाड अर्धा सेंटीमीटर छाटणे पहिल्या रात्री सोपे वाटते, पण तो अर्धा सेंटीमीटर पुढे कोणतीही शस्त्रक्रिया फुकट परत देत नाही. जखम धुऊन, मेलेले तेवढेच काढून, ओली पट्टी ठेवून माणसाला पुढे पाठवणे हा त्या रात्रीचा पूर्ण उपचार आहे, अर्धवट नाही. उघड्या हाडावर जांघेतली कातडी बसवण्याची पद्धत १९७२पासून रूढ आहे. तिला सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

तिसरा आक्षेप खुद्द सर्जनांमध्ये ऐकू येतो: जोडलेले बोट जगते, पण ताठ राहते, बधिर असते, थंडीत ठणकते, मग एवढी यातायात कशाला? एकट्या तर्जनीबाबत हा आक्षेप बराचसा बरोबर आहे. ताठ तर्जनी कामात आडवी येते, हात तिला टाळून मधल्या बोटाने काम करू लागतो, आणि म्हणूनच एकटे तुटलेले बोट न जोडण्याचा सल्ला पुष्कळदा योग्य असतो. अंगठ्याचा न्याय निराळा. त्याची मुख्य हालचाल मनगटाजवळच्या सांध्यातून होते आणि तो सांधा सहसा वाचलेला असतो. वरचे सांधे ताठ झाले, लांबी थोडी कमी झाली, तरी समोरच्या बोटांना टेकायला एक भक्कम खांब मिळतो. संवेदनाही येते, पण हळू. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे टोकाला स्पर्श कळायला कित्येक महिने जातात, आणि त्या काळात व्यायाम सोडला तर चांगली शस्त्रक्रियाही वाया जाते. इतर बोटांना लावलेली मोजपट्टी अंगठ्याला लावली की अंगठे विनाकारण गमावले जातात.

चौथा आक्षेप पायाचा आहे आणि तो खेड्यातून येतो, म्हणून त्याला मान द्यायला हवा. चिखलात भातलावणी करणारा, मोळी डोक्यावर घेऊन सरीतून ट्रकपर्यंत चालणारा माणूस पायाचा अंगठा हाताला कसा देईल? कोल्हापुरी चप्पल तर पायाच्या अंगठ्यावरच तोललेली असते. तिचा अंगठा रिकामा राहिला की चप्पल पायात टिकत नाही. याचे उत्तर असे की पायाचा आख्खा अंगठा घ्यावाच लागतो असे नाही. पायाचे दुसरे बोट घेतले तर चालण्यात फारसा फरक पडत नाही आणि पायाचा अंगठा चपलेत राहतो. मात्र हातावर तो अंगठा थोडा बारीक दिसतो. पायाच्या अंगठ्याची कातडी, नख आणि नस घेऊन हाड दुसरीकडून आणण्याची पद्धत मेलबर्नच्या मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी १९८० साली मांडली. तीत पायाचे हाड बरेचसे जागेवर राहते. पूर्ण अंगठा दिलेले लोकही चालतात, पण चढावर आणि ओल्या बांधावर जोर देताना त्यांना फरक जाणवू शकतो. कोणाला काय मानवेल, हे त्याच्या कामावरून ठरते. फाउंड्रीतल्या कामगाराला रुंद, मजबूत अंगठा हवा. शिलाई करणाऱ्या बाईला बारीक, स्पर्श कळणारा. कोणाला यातले काहीच नको असते आणि तोही समजून घेतलेला निर्णय असू शकतो. ही सगळी बोलणी सावकाश, घरच्यांना बसवून, पाय पाहून करायची आहेत. पहिल्या रात्रीची घाई इथे चालत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

पाचवा आक्षेप पैशांचा, आणि त्याला जोडूनच नऊ बोटांवर लोक निभावतात, हा. दोन-तीन शस्त्रक्रिया, दवाखान्यात मुक्काम, महिनोन्‌महिने व्यायाम. त्यापेक्षा एका दिवसात टाके घालून मोकळे होणे स्वस्त, यात वाद नाही. पण स्वस्त कोणासाठी? पंचविशीतल्या पोराचे पुढचे पस्तीस वर्षांचे कामाचे हात त्या हिशेबात धरले तर तराजू फिरतो. लोक निभावतात हे खरे; ते खालच्या मजुरीच्या कामावर सरकून निभावतात, आणि ही घट कोणाच्याही वहीत लिहिली जात नाही. त्यातही स्वतःच्या गोठ्यात स्वतःच्या कुट्टी यंत्रात हात गेलेला शेतकरी भरपाईच्या कायद्याने कोणाचा कामगार ठरत नाही; कोष्टकातले ३० टक्के त्याला कोणी देत नाही. म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार कुठल्या दवाखान्यात आणि कितपत बसतो, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारायला हवे.

अपघात टाळण्यात जास्त शहाणपण आहे, असे कोणी म्हटले तर त्याच्याशी भांडण नाही. मळणी यंत्रांसारख्या धोकादायक यंत्रांसाठी संसदेने १९८३ साली वेगळा कायदा केला आहे. चरकाच्या तोंडाशी लांब पन्हळ, कुट्टीच्या पात्यावर झाकण, हाताशी बंद करायचे बटण, रात्रपाळीत माणसांची अदलाबदल, यातले काहीही महागडे नाही. पण झाकण बसवलेल्या यंत्रातही हात जातात, कारण चोथा अडकला की माणूस झाकण काढतो आणि मशीन न थांबवता बोटे घालतो. प्रतिबंध आणि पुनर्रचना यांच्यात निवड करायची नसते. एकाच हाताची काळजी दोघांनी वेगवेगळ्या वेळी घ्यायची असते.

नोशीर अंतिया यांचा उल्लेख वर आला तो मुंबईच्या शस्त्रक्रियेपुरता. पण तेच अंतिया पुढे रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला गेले आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवण्यात रमले. सूक्ष्मदर्शकाखालची विद्या आणि गावातल्या बाईचे शहाणपण ही एकाच उपचाराची दोन टोके आहेत, हे त्यांच्या कामातून शिकता येते. या पुस्तकाची रचना त्याच क्रमाने केली आहे: आधी गाव, मग तालुक्याचा दवाखाना, मग मोठा सर्जन आणि शेवटी पुन्हा गाव, जिथे तो हात कामाला लागायचा आहे. वाचकाकडून मागणे मोजके आहे. आशा ताई, गुऱ्हाळमालक आणि दूध संस्थेचा सचिव यांना तुटलेला भाग कसा न्यायचा हे माहीत असावे आणि १०८ला फोन करताना त्यांनी ते सांगावे. तालुक्याच्या डॉक्टरांनी हाड छाटण्याआधी जखमेचा आणि तुटलेल्या भागाचा मोबाइलवर फोटो काढून हस्तशल्यविशारदाला पाठवावा, उत्तर येईपर्यंत काहीही टाकून देऊ नये आणि आपण काय केले हे चिठ्ठीत लिहावे. आणि ज्याचा हात आहे त्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: आज काय काढणार आणि काय राखणार? या प्रश्नाचे उत्तर ज्या दवाखान्यात नीट मिळेल, तिथे अर्धे काम झालेले असेल. उरलेले अर्धे करणारे सर्जन महाराष्ट्रात आहेत; त्यांच्यापर्यंत पोहोचेल असा हात आपण पाठवायला हवा.